आधी उतार, मग चढ: इंदूरजवळच्या घाटवाटांवर पहिल्यांदा जाताना

पुण्या-नाशिककडचे पाहुणे इंदूरला आले की विचारतात, "तुमच्याकडे डोंगर कुठे आहेत?" डोंगर आहेत, फक्त आपण त्यांच्या माथ्यावर राहतो. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर, माळव्याच्या पठारावर वसलंय. राजेंद्रनगर, राऊ, महू करत दक्षिणेला गेलात की शेतं सपाट दिसत राहतात आणि मग एकाएकी जमीन तुटते. हा विंध्याचा कडा. खाली निमाड, आणि त्याही पलीकडे नर्मदा. महेश्वरच्या घाटावर पोचेपर्यंत उंची दीडशे मीटरच्या आसपास येते.

म्हणून इथल्या घाटवाटांचा क्रम सह्याद्रीच्या उलट आहे. सह्याद्रीत आपण पायथ्याला गाडी लावतो आणि चढायला लागतो. दमलो तर तिथूनच मागे फिरतो, उतार आपल्याला खाली आणून सोडतो. इथे गाडी माथ्यावर लागते. सकाळच्या थंड हवेत, ताज्या दमानं आपण खाली उतरतो, सगळं सोपं वाटतं, आणि दिवसातली सगळ्यात अवघड गोष्ट, म्हणजे चढ, दुपारच्या उन्हासाठी शिल्लक राहते. तीही अशा वेळी की बाटलीत पाणी थोडं उरलंय आणि पोटऱ्या उतरून उतरून थरथरताहेत. नवीन मंडळी अडकतात ती बहुतेक वेळा इथेच. पुढे जे काही सांगतोय ते सगळं या एका गोष्टीला धरून आहे.

पहिली पायरी: जिथे चढ आधी आहे अशा जागा निवडा

सुरुवात राळामंडलपासून करा. शहराच्या दक्षिणेला असलेली ही टेकडी 1989 पासून अभयारण्य आहे, आणि तिच्या माथ्यावर होळकरांचं शिकारगाह आहे. तिकीट काढून, दिलेल्या वेळेत, आखलेल्या वाटेनं पायी वर जायचं. बूट चावतात का, गुडघा बोलतो का, अर्ध्या तासात आपण किती पाणी पितो, हे सगळं इथे कळतं. कळलं की उतरून घरी या. अभयारण्य असल्यामुळे आखलेली वाट सोडून जंगलात शिरणं इथे चालत नाही, आणि चालू नये.

दुसरा मुक्काम जानापाव. आग्रा-मुंबई रस्त्यानं महू ओलांडून मानपूरच्या दिशेनं गेलं की उजवीकडे लागणारा हा डोंगर सुमारे साडेआठशे मीटर उंच आहे, आसपासच्या भागात सगळ्यात उंच. परशुरामाचं जन्मस्थान म्हणून लोक इथे येतात, कार्तिकी पौर्णिमेला जत्रा भरते, आणि चंबळ नदी इथूनच निघते. माथ्यापर्यंत डांबरी रस्ता आहे. सायकलवाल्यासाठी ही खरी परीक्षा आहे, कारण चढ सरळ आणि प्रामाणिक आहे, दमलात तर वळा आणि खाली या. हा चढ मधे एक-दोनदा थांबून का होईना, पण सायकल न ढकलता पूर्ण करता आला, तर पुढच्या घाटवाटेवरून परत वर येण्याइतका दम तुमच्यात आहे असं मी धरतो. नाही जमला तर आणखी दोन-तीन रविवार इथेच द्या. डोंगर कुठे जात नाही.

त्यानंतर पठाराची कड. पाताळपाणीच्या आसपास आणि महू-मंडलेश्वर रस्त्यावर जामगेटच्या अलीकडे अशा अनेक बैलगाडीच्या वाटा आहेत ज्या कड्याच्या काठानं, शेतांतून आणि माळावरून जातात आणि खाली उतरत नाहीत. माउंटन बाइक शिकायला यांच्यापेक्षा चांगली जागा नाही: थोडे दगड, थोडा मुरूम, एखादा कोरडा ओहोळ, आणि कुठूनही गावाच्या रस्त्याला लागता येतं. जामगेट म्हणजे इंदूरकडून महेश्वरकडे उतरणाऱ्या जुन्या मार्गावरचा अहिल्याबाईंच्या काळातला दरवाजा. त्याच्या कमानीतून खाली निमाड पाहिलंत की आपल्या पूर्वजांनी घोडे, पालख्या आणि तोफा कुठून उतरवल्या असतील ते समजतं. इथे एकदा तरी नुसतं बसून या.

आणि मग, या सगळ्यानंतर, खऱ्या घाटवाटा: पाताळपाणीहून कालाकुंडच्या खोऱ्यात उतरणाऱ्या, किंवा सिमरोलच्या पुढे चोरलच्या जंगलात जाणाऱ्या. पहिल्या वेळी या वाटांवर वाट माहीत असलेला माणूस बरोबर असलाच पाहिजे. मोबाइलमधला नकाशा पायवाट दाखवतो, पण ती गेल्या पावसात वाहून गेली का ते दाखवत नाही.

दुसरी पायरी: माती वाचायला शिका

इथल्या वाटेवर हवामानापेक्षा मातीचं राज्य चालतं, म्हणून या भागावर जरा थांबतो.

आपला सगळा माळवा दख्खनच्या बेसाल्टवर, म्हणजे काळ्या पाषाणावर बसलाय. हा पाषाण झिजून दोन प्रकारची जमीन तयार झाली. एक, सपाट भागातली काळी कपाशीची माती. दुसरी, उतारावरचा आणि टेकड्यांवरचा मुरूम, लालसर-पिवळट, खड्याखड्यांचा.

मुरमाची वाट मित्रासारखी वागते. जोरदार सर येऊन गेली तरी पाणी झिरपतं, आणि दिवसभर ऊन मिळालं तर दुसऱ्या दिवशी ती चालवण्याजोगी होते. काळ्या मातीचं तसं नाही. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि दिवसेंदिवस पाणी सोडत नाही. वरून कोरडी दिसते, पापुद्रा धरलेला असतो, आणि त्याखाली चिकट लगदा असतो. त्यात सायकल घातली की काय होतं ते जवळून पाहिलंच पाहिजे. पहिल्या काही चक्रांत टायरच्या खाचा भरतात. मग माती मातीला चिकटायला लागते, त्यात गवताच्या काड्या आणि खडे मिसळतात, टायर फुगत फुगत फोर्कला, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्यांना, घासायला लागतं, आणि पन्नास पावलांच्या आत चाक फिरायचं थांबतं. जोर लावून पेडल मारलं तर चेन मागच्या डिरेलरला (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला) ओढते आणि त्याचा हँगर, म्हणजे तो ज्यावर टांगलेला असतो तो तुकडा, वाकतो किंवा तुटतो. मग पंधरा किलोची सायकल चिखलासकट वीस किलोची होते आणि खांद्यावर येते. पायी चालणाऱ्याचे बूट असेच दर पावलाला जड होतात, आणि तळ गुळगुळीत झाला की उतारावर घसरायला वेळ लागत नाही.

परीक्षा सोपी आहे. वाटेच्या कडेची नाही, मधली, बोटभर खालची माती उकरून मुठीत घ्या आणि लाडू वळा. लाडू वळला आणि दाबल्यावर फुटण्याऐवजी चपटा झाला, तर आज ही वाट सोडून द्या. भुगा झाला, तर चला. ही परीक्षा गाडी लावल्या लावल्या करायची. उतरून गेल्यावर केली तर तिचा उपयोग नाही, कारण परत त्याच मातीतून वर यायचं असतं.

ओल्या काळ्या मातीत सायकल घालू नये याला आणखी एक कारण आहे, आणि मला ते तुमच्या डिरेलरपेक्षा महत्त्वाचं वाटतं. ओल्यात पडलेल्या चाकोऱ्या सुकल्या की विटेसारख्या कडक होतात आणि पुढच्या पावसापर्यंत तशाच राहतात. त्याच वाटेनं गावातल्या बाया डोक्यावर मोळी घेऊन जातात, मुलं शाळेत जातात. आपल्या एका रविवारच्या हौसेपायी त्यांचे घोटे मुरगळावेत हे बरोबर नाही.

उन्हाळ्यात हीच माती उलटा खेळ खेळते. एप्रिल-मेमध्ये तिला भेगा पडतात, काही ठिकाणी पुढचं चाक सहज अडकेल इतक्या रुंद. शेताच्या कडेनं जाणाऱ्या वाटेवर या भेगा आडव्या असतील तर फारसं बिघडत नाही, पण वाटेच्या दिशेनं लांब पडलेली भेग दिसली की वेग कमी करा आणि तिच्या एकाच बाजूला राहा.

तिसरा प्रकार ओढ्यातला उघडा पाषाण. कोरडा असताना त्याच्यासारखी पकड कशाला नाही. पावसाळ्यात आणि त्यानंतर ऑक्टोबरअखेरपर्यंत त्यावर हिरवट-काळं शेवाळ असतं, ते सावलीत तर डोळ्यांना दिसतही नाही. तिथे सायकलवरून उतरा, पाऊल पूर्ण टेकवा, हात मोकळे ठेवा. बॅगेचा कमरेचा पट्टा अशा ठिकाणी सैल करावा, पडलात तर बॅग पटकन टाकता येते.

तिसरी पायरी: महिना पाहून वाट ठरवा

जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत पावसाळा. या काळात खोऱ्यात उतरणाऱ्या वाटा नवख्यांसाठी बंद समजा. जानापावचा डांबरी रस्ता, राळामंडल, जामगेटपर्यंतची सडक, एवढं पुष्कळ आहे. जामगेटला श्रावणात धुकं इतकं दाट उतरतं की समोरून येणारी गाडी हॉर्न ऐकूनच कळते, म्हणून सायकलला पुढे-मागे दिवा आणि अंगात भडक रंगाचं जाकीट हवंच.

ऑक्टोबरमध्ये वाटा सुकायला लागतात, पण गवत कमरेएवढं वाढलेलं असतं. त्यात साप असतो, दगड असतो, आणि कुसळं असतात. कुसळं मोज्यांत शिरली की चालता येत नाही, म्हणून गुडघ्यापर्यंतचे गेटर (बुटांवरून पायाला लावायची कापडी आवरणं) किंवा निदान जाड लांब पँट घाला. सायकलच्या चेनमध्ये आणि मागच्या गिअरच्या चकत्यांमध्ये गवत गुंडाळतं, ते थांबून काढत जा.

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. पहाटे थंडी कडक असते, तरीही अंगावर एक थर कमीच घाला, कारण दहा मिनिटांत घाम येतो. फेब्रुवारीपासून सागाची पानं गळायला लागतात. ही ताटाएवढी पानं वाटेवर थरावर थर साचतात आणि खालचे सगळे दगड झाकून टाकतात. उतारावर त्यांच्यावर ब्रेक लावला की टायर पानासकट सरकतं. पळस फुललेला असतो, नजर तिकडेच जाते. जाऊ द्या, पण थांबून.

मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचायचा हंगाम. झाडाखालची जागा साफ करायला लोक पालापाचोळा पेटवतात, आणि कधी कधी ती आग पसरते. समोर धूर दिसला आणि वारा आपल्याकडे असेल तर वाद न घालता मागे फिरा. आग चढावर उताराच्या कितीतरी पट वेगानं धावते, आणि आपल्याला नेमकं चढायचं असतं. एप्रिलनंतर खोऱ्यात जायचंच असेल तर सकाळी नऊच्या आत परत माथ्यावर. निमाड माळव्यापेक्षा तापतं, प्रत्येक उतारानिशी हवा गरम होत जाते हे मे महिन्यात अंगाला जाणवतं.

चौथी पायरी: पाण्याला कधी कमी लेखू नका

इंदूरच्या दक्षिणेला धबधबे पुष्कळ: पाताळपाणी, तिंछा, मोहाडी, बामनिया कुंड, जोगीभडक. सगळ्यांची रचना सारखी आहे. वर सपाट पठार, मधे कडा, खाली खोल कुंड. वरच्या पठारावरची काळी माती एकदा पाणी पिऊन भरली की पुढचा थेंब आत जात नाही, खाली पाषाण असतो, त्यामुळे पडलेला सगळा पाऊस ओढ्यांतून कड्याकडे धावतो. वर महूकडे ढग फुटला असेल आणि तुमच्या डोक्यावर ऊन असेल, असं होतं. पाताळपाणीला जुलै 2011 मध्ये चोरल नदीच्या पात्रात उभं असलेलं कुटुंब अशाच लोंढ्यात वाहून गेलं. ते सारं लोकांच्या डोळ्यांदेखत घडलं आणि काठावरच्या कुणालाही काही करता आलं नाही.

म्हणून पात्रात उभं राहून फोटो काढायचा नाही, कड्याच्या वरच्या अंगाला तर मुळीच नाही. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन धोक्याच्या ठिकाणी जायला बंदी घालतं, ती पाळा. पात्र ओलांडताना या खुणा दिसल्या तर त्याच क्षणी काठ गाठा: नितळ पाणी गढूळ होणं, त्यात अचानक पानं-काड्या येऊ लागणं, वरच्या बाजूनं घरघर ऐकू येणं. गावच्या रस्त्यांवर रपटे असतात, म्हणजे ज्यांच्यावरून पाणी वाहून जातं असे बुटके फरशीपूल. रपट्यावर पाणी असेल आणि खालची फरशी दिसत नसेल, तर सायकल, मोटारसायकल, मोटार, काहीही घालू नका. थांबा. पाऊस थांबल्यावर या ओढ्यांचं पाणी चढतं तसंच काही तासांत उतरतं.

प्यायच्या पाण्याचा हिशेब वेगळा. थंडीतही दिवसभराच्या वाटेसाठी माणशी तीन लिटर न्या, मार्चपासून चार. आणि बाटल्या वाटून घ्या: एक उतारासाठी, दोन चढासाठी. चढाच्या बाटल्या बॅगेत तळाशी ठेवा, म्हणजे सहज हाताला लागत नाहीत. एका बाटलीत मीठ-साखर किंवा ओआरएस मिसळा. फेब्रुवारीनंतर खोऱ्यातल्या बऱ्याच ओढ्यांत पाणी नसतं, आणि डबक्यातलं पाणी गुरांचं असतं.

पाचवी पायरी: सायकल, बूट आणि बॅग

महागडी सायकल लागत नाही. ब्रेक चांगले हवेत, कारण इथे दिवसाची सुरुवातच उतारानं होते. घरून निघण्याआधी ब्रेकचे पॅड पाहा, चाक उचलून फिरवा, हँडलचा बोल्ट तपासा. 2.1 इंची, ट्यूबवाल्या टायरमध्ये सडकेवर 45 ते 50 पीएसआय हवा ठेवली तर चालते. मातीच्या वाटेला लागण्याआधी ती 30 ते 35 पर्यंत उतरवा, वजन जास्त असेल तर थोडी जास्त. त्याहून कमी केली की दगडावर आपटून ट्यूब चिमटते आणि तिला दोन समांतर चिरा पडतात. पठारावर बाभूळ फार, शेताच्या कुंपणाला तिच्याच फांद्या लावलेल्या असतात, त्यामुळे पंक्चर होणारच असं धरून चाला. दोन जादा ट्यूब, पॅच, पंप, टायर काढायच्या पट्ट्या, षटकोनी पान्यांचा संच, चेन जोडायची कडी. नवीन ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोटं हळू फिरवून काटा शोधा. तो तिथेच असतो आणि दुसरी ट्यूबही घेतो.

चालणाऱ्यांसाठी घोटा झाकणारे, खोल खाचांचे बूट. जुने असतील तर निघण्याआधी तळ हातानं वाकवून पाहा, कोरड्या हवेत पडून राहिलेल्या बुटांचा तळ पहिल्याच उतारावर सुटतो. एक काठी जरूर घ्या, उतरताना गुडघ्यांचा भार ती घेते. हेल्मेटबद्दल वेगळं काही लिहीत नाही, ते नसेल तर सायकल गाडीतून उतरवूच नका.

खायला घरचं न्या. सकाळी राऊ किंवा महूला पोहे होतातच, पण ते दहापर्यंत जिरतात. गूळ-शेंगदाणे, दशम्या, खजूर, केळी, हे चढावर कामाला येतं. कालाकुंडला गेलात तर तिथला कलाकंद खायलाच हवा, पळसाच्या पानावर देतात. पान जंगलात चालतं, प्लास्टिक मात्र बॅगेत घालून परत आणा.

सहावी पायरी: घड्याळ लावून उतरा

दिवसात किती तास हातात आहेत ते आधी ठरवा. त्याचे तीन भाग करा. एक भाग संपला की तुम्ही कुठेही असा, धबधबा पुढच्याच वळणावर असला तरी, मागे फिरा. उरलेले दोन भाग चढायला. सहा तास असतील तर दोन तास खाली, चार तास वर. थंडीत साडेपाच-सहाला अंधारायला लागतं आणि खोऱ्यात सूर्य त्याच्या बराच आधी कड्याआड जातो, म्हणून दुपारी तीनपर्यंत चढाचा मोठा भाग संपलेला असायला हवा. तरीही प्रत्येकाकडे डोक्याला लावायचा टॉर्च असू द्या.

गटात सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा. पुढे चपळ माणूस असला की तो प्रत्येक वळणावर थांबून इतरांची वाट पाहतो, इतर पोचले की लगेच निघतो, आणि ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज आहे त्यालाच ती मिळत नाही.

सायकलवर उतरताना दोन्ही पेडलं जमिनीला समांतर ठेवून उभे राहा, वजन सीटच्या मागे न्या, गुडघे-कोपरं सैल. नजर चाकापुढे नाही, आठ-दहा मीटर पुढे. ब्रेकवर प्रत्येकी एकच बोट, आणि वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात नाही. मुरमाच्या सुट्ट्या खड्यांवर पुढचा ब्रेक दाबून धरलात की चाक बाजूला निसटतं. जिथे मनात शंका येते तिथे उतरून सायकल हातात धरा. घाटात सायकल ढकलणं हा सायकलिंगचाच भाग आहे.

चढताना हलका गिअर आधीच टाका, जोर लागल्यावर नाही. श्वास बोलण्याइतका राहिला पाहिजे. पोटरीत गोळा यायला लागला तर मिठाचं पाणी प्या आणि सावलीत दहा मिनिटं बसा, नुसतं उभं राहून चालत नाही.

सातवी पायरी: वाटेवर आणखी कोण आहे

ही वाट भिल्ल-भिलाला वस्त्यांची आहे, आपण तिथे पाहुणे. या भागात मोठ्या माणसाला मामा म्हणतात. टंट्या भिल्लालाही लोक टंट्या मामाच म्हणतात, पाताळपाणीला त्याचं ठाणं आहे. गुराख्याजवळ थांबा, रामराम करा आणि विचारा, "मामा, आगे नाला चल रहा है क्या?" त्याचं उत्तर कुठल्याही ॲपपेक्षा ताजं असतं. तो तुमच्या टायरकडे पाहून म्हणाला, "साइकिल यहीं रहने दो, आगे काली मिट्टी है," तर ऐका. शेतातून वाट जात असेल तर विचारून जा, उघडलेलं फाटक परत लावा. चढणाऱ्याला आधी वाट द्या. समोरून गुरं आली तर सायकलवरून उतरून डोंगराच्या बाजूला उभे राहा, दरीच्या बाजूला नाही. म्हैस अंग घासत गेली तर आधार मागे हवा.

महूभोवती लष्कराच्या फायरिंग रेंज आहेत. फलक किंवा लाल झेंडा दिसला तर तिथून पुढे जाऊ नका, आणि माळावर पडलेला लोखंडाचा, पितळेचा कोणताही तुकडा उचलू नका. न फुटलेल्या गोळ्यानं या परिसरात माणसं गेली आहेत. मुलं बरोबर असतील तर त्यांना निघण्याआधीच हे समजावून सांगा.

रेल्वेमार्ग ही वाट नाही. पाताळपाणी-कालाकुंड घाटातून जाणारा होळकरांच्या काळातला मीटरगेज मार्ग सुंदर आहे, 2018 च्या डिसेंबरपासून त्यावर हेरिटेज गाडी सुरू झाली, आणि त्यातून बसून खोरं पाहण्यात मजा आहे. पण रुळांवरून, पुलांवरून, बोगद्यांतून चालणं गुन्हा आहे, आणि बोगद्यात गाडी आली तर बाजूला व्हायला जागा नसते.

बिबट्या या सगळ्या जंगलात आहे. 2023 मध्ये महूच्या परिसरात वाघही फिरत होता. दिवसा, चार-पाच जण मिळून बोलत चाललेल्यांना बिबट्या सहसा दिसतही नाही. सायकल मात्र आवाज करत नाही आणि वेगानं जाते, म्हणून आंधळ्या वळणांवर घंटी वाजवा, आणि पहाटेच्या अंधारात किंवा तिन्हीसांजेला एकट्यानं जंगलात सायकल चालवू नका. कड्यांना आग्या मोहोळं असतात: खाली धूर नको, अत्तर नको, आरडाओरडा नको.

काही झालंच तर

खोऱ्यात बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. माथ्यावर असतानाच घरी कळवा: कोणती वाट, किती जण, किती वाजता परत, आणि त्या वेळेनंतर किती तास थांबून मदत बोलवायची. 112 (आपत्कालीन मदत) आणि 108 (रुग्णवाहिका) हे दोन्ही नंबर लक्षात ठेवा.

साप चावला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही करू नका. अंगठी, घड्याळ, बूट काढा, तो हात किंवा पाय फळी-काठीनं स्थिर करा, माणसाला चालू देऊ नका, आणि उचलून थेट मोठ्या रुग्णालयात न्या. घोणस आणि फुरसं ही या भागातली नावं लक्षात ठेवा, पण ओळख पटवायला सापाच्या मागे जाऊ नका. उपचार लक्षणं पाहून होतो.

उन्हानं कुणी असंबद्ध बडबडायला लागला, किंवा घाम येणं थांबून अंग तापलं, तर चढ तिथेच थांबवा. सावली, ओला पंचा मानेवर-काखेत-जांघेत, वारा, आणि दोघांनी मदत आणायला माथ्यावर जाणं. अशा माणसाला "थोडंच राहिलंय" म्हणत चालवणं जिवावर बेततं.

परत आल्यावर

चिखल ओला असताना सायकलवर पाण्याचा जोराचा फवारा मारू नका, तो बेअरिंगमध्ये माती ढकलतो. माती सुकू द्या, ब्रशनं झाडा, मग ओल्या फडक्यानं पुसा. चेन पुसून तेलाचा एकेक थेंब, जादाचं तेल पुसून टाका, नाहीतर पुढच्या वेळी धूळ तिलाच चिकटते. टायरमध्ये अडकलेले काटे आत्ताच काढा. बुटांत वर्तमानपत्र कोंबून सावलीत ठेवा. कुसळं मोज्यांतून हातानं काढल्याशिवाय ते मशीनमध्ये घालू नका, ती घरातल्या सगळ्यांच्या कपड्यांत जातात.

आणि वाट कशी होती ते त्याच संध्याकाळी बरोबरच्यांना लिहून कळवा: माती कोणती, कुठवर ओली, ओढ्याला पाणी किती, कुठे झाड आडवं पडलंय, चढायला किती वेळ लागला. तारीख घाला. पुढच्या रविवारी निघणाऱ्याला हेच हवं असतं.